दारापाशी थबकणारी पावलं

काचेचं दार सरकत पूर्ण उघडलं, थांबलं, आणि त्यानंतरच प्रणिताची डावी टाच जमिनीवरून उचलली गेली. बहुतेक माणसं असं करत नाहीत. दार सरकू लागताच त्यांचं शरीर पुढे कलतं, वजन पुढच्या पायावर जातं आणि दार अर्धं उघडेपर्यंत ती आत शिरलेलीही असतात. प्रणिताचं वजन मात्र मागच्या पायावरच राहिलं होतं, पापणी मिटून उघडायला लागतो त्याहून जरासाच अधिक वेळ. तिला स्वतःला ते कळलं नाही. मागून येणाऱ्या शिपायालाही कळलं नाही. पायाखालच्या करड्या फरशीला मात्र कळलं.

त्या दिवशी प्रणिता भलतीच खुशीत होती. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या खूप, पण ‘मृगांक बियाणे’ची उगवणशक्ती प्रयोगशाळा म्हणजे वेगळीच गोष्ट होती. एकसारख्या उजेडात ओळीनं मांडलेले ट्रे, त्यांत ओल्या कागदावर निजलेलं कापसाचं, मिरचीचं, बाजरीचं बी. प्रयोगशाळेचे प्रमुख नाईकवाडे सर मुलाखतीत फारसं बोललेच नाहीत. त्यांनी कोंबांचा एक ट्रे तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “यातले कुठले टिकणार नाहीत, दाखवा बरं.”

तिनं दाखवले. एका कोंबावर दोघांचं मत जुळेना; तो जगेल असं ती म्हणे, मरेल असं सर. मग पाऊण तास दोघं भिंग घेऊन त्या एका कोंबावर वाद घालत बसले. शेवटी सर हसून म्हणाले, “हा ठेवून देऊ. मरतो की जगतो ते आठवडाभरात कळेल, तेव्हा तुम्ही इथंच असाल. सोमवारपासून या.”

रोपवाटिकेत रोजंदारीवर पिशव्या भरण्यात तिची तीन वर्षं गेली होती. घरी पोचेपर्यंत तिनं मनातल्या मनात प्रयोगशाळेतला पांढरा कोट घालूनही पाहिला.

संध्याकाळी फोनवर निरोप आला. ‘कार्यस्थळ-सुसंगती तपासणीनुसार आपली निवड होऊ शकली नाही. शुभेच्छा.’

हे तिसऱ्यांदा घडत होतं. आधीच्या दोन्ही ठिकाणी मुलाखत अशीच रंगली होती आणि संध्याकाळी असाच निरोप आला होता. आणखी एक गोष्ट सारखी होती, पण ती अजून तिच्या लक्षात आली नव्हती. तिन्ही ठिकाणी फरशी करडी होती.

खरं तर कायदा तिच्या बाजूनं होता. ‘दुसरी संधी कायदा’ येऊन बरीच वर्षं झाली होती. ज्यानं शिक्षा पूर्ण भोगली आणि त्यानंतर पाच वर्षं कुठल्याही गुन्ह्याशिवाय काढली, त्याला जुन्या शिक्षेबद्दल मालकानं विचारायचं नाही आणि त्यानं सांगायची गरज नाही. प्रणितानं चार वर्षं शिक्षा भोगली होती आणि सुटून पाच वर्षं उलटूनही गेली होती. टँकरभोवतीच्या रेटारेटीत तिनं रागाच्या भरात हंडा फेकून मारला होता आणि शेजारच्या बाईचा डोळा गेला होता. गुन्हा तिनंच केला होता. तो तिनं कोर्टात नाकारला नव्हता, स्वतःशीही कधी नाकारला नाही. तुरुंगातच मुक्त विद्यापीठातून ती बी.एस्सी. झाली आणि बाहेर आल्यावर सुदामशी लग्न केलं. सुदामला सगळं माहीत होतं. सुदामच्या आईला काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा ‘मृगांक’च्या फाटकाशी गेली. निदान कारण तरी विचारावं, असं तिनं ठरवलं होतं. पण स्वागतकक्षात तिच्या आधीच कुणीतरी कारण विचारत होतं, आणि ते अख्ख्या इमारतीला ऐकू जात होतं.

“सुसंगती नाही म्हणजे? फरशीनं ठरवलं म्हणजे? काय सुसंगती नाही? बायकांच्या रखवालीची नोकरी हाय ना? आयुष्यभर दुसरं केलं काय मी? तुमच्या त्या फरशीला म्हणावं, ही लोखंडे हाय! एका शिट्टीत अख्खी बराक चिडीचूप करत होते!”

प्रणिताचे दोन्ही हात आपोआप पुढे येऊन एकमेकांत गुंतले. मान खाली गेली. हा आवाज तिनं चार वर्षं रोज पहाटे ऐकला होता.

लोखंडेबाई वळल्या. केस पांढरे झाले होते, खाकीच्या जागी जांभळी साडी होती, पण नजर तीच. ती प्रणितावर येऊन थांबली.

“खरात,” त्या म्हणाल्या. ते प्रणिताचं माहेरचं आडनाव. मग त्यांनी स्वागतकक्षातल्या मुलीकडे पाहिलं, प्रणिताकडे पाहिलं आणि आवाज एकदम उतरवला. “आमच्या ओळखीतली हाय,” त्या मुलीला म्हणाल्या आणि प्रणिताच्या कोपराला धरून बाहेर पडल्या.

बाहेर ऊन चढत होतं. “तुलाबी नाही म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“मान वर कर गं. किल्ल्या जमा करून दोन वर्षं झाली मला. चल, चहा पाजते.”

समोर एक नवं हॉटेल होतं, वातानुकूलित, काचेच्या दाराचं. दोघी दाराशी गेल्या आणि थांबल्या. प्रणिता दारापासून अर्धं पाऊल बाजूला, टाचा जुळवून. बाई तिच्या मागे, किंचित वळून, मागं कुणी राहिलं का ते बघत. काही क्षण कुणीच हललं नाही.

आतून एका वेटरनं दार ओढलं. “मावशी, ढकलायचं असतं ते. आपोआप उघडणारं दार बसवायला आमचा मालक काही बियाणंवाला नाही.”

दोघी हसत सुटल्या. बाईंना तर ठसकाच लागला. “बघ की! मी म्हणते ही का आत जाईना, अन् तू म्हणतीस बाई का दार उघडंना!”

हसता हसता प्रणितानं मागे वळून त्या दाराकडे पाहिलं. एक तरुण आला, फोनवर बोलत, खांद्यानंच दार लोटून आत गेला. त्याच्या मागून एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांनी हात आधीच पुढे केला होता. कुणीही थांबलं नव्हतं. कुणीही.

“बाई,” ती म्हणाली, “पुन्हा एकदा बाहेर जाऊन आत येता का?”

“का?”

“या तरी.”

बाई गेल्या आणि आल्या. दाराशी थबकल्या, मान मागे वळली, मगच दार ढकललं. मग प्रणिता गेली. मुद्दाम न थांबता यायचं, असं ठरवून गेली, आणि तरीही दारापाशी तिचा मागचा पाय जमिनीला चिकटून राहिला. तिनं तिसऱ्यांदा करून पाहिलं. तिच्या छातीत धडधडू लागलं, पण ती भीतीची धडधड नव्हती. गणिताच्या पुस्तकात एखादं समीकरण अचानक सुटावं, तशी ती होती.

“अहो ताई,” गल्ल्यावरून मालक ओरडला, “चहा घेणार का दारच बघणार?”

“दोन चहा!” प्रणिता ओरडून म्हणाली. मग बाईंकडे झुकून हलक्या आवाजात बोलली, “बाई, आत असताना मी एकही दार स्वतःच्या हातानं उघडलं नाही. चार वर्षं. दाराशी यायचं, बाजूला थांबायचं, कुणीतरी उघडायचं. तुम्ही तर सगळं आयुष्य तसंच काढलंत, फक्त किल्ली तुमच्या हातात होती. आणि मला नाकारलं त्या तिन्ही ठिकाणी तीच करडी फरशी होती. ती आपल्याला काही विचारत नाही. ती आपली चाल ऐकते.”

बाईंनी बशी खाली ठेवली. “म्हणजे मला कैदी समजली ती?”

“तसंच दिसतंय.”

“अगं बाई गं!” लोखंडेबाई म्हणाल्या आणि पुन्हा हसू लागल्या. पण या वेळच्या हसण्यात राग होता.

प्रणितानं फोनवर शोधून काढलं, फरशीचं नाव ‘चाहूल’ होतं. ती बनवणाऱ्या डॉ. समीना तांबोळी तासाभराच्या अंतरावर, संभाजीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होत्या. चाळिशीच्या आतल्या, बुटक्या, डोक्यावर चष्मा ठेवून तोच चष्मा टेबलावर शोधणाऱ्या. दोघींचं म्हणणं त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “चला, चालून दाखवा,” म्हणाल्या आणि प्रयोगशाळेतल्या फरशीच्या पट्ट्यावर दोघींना ढकललंच. पट्ट्याच्या टोकाला एक साधं दार बसवलं होतं.

भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा उमटल्या. समीना पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर थाप मारली.

“तेरडा! तुम्ही तेरडा आहात!”

“काय म्हणाल्या?” बाईंनी संशयानं विचारलं.

“बसा, बसा. सांगते. घरात गॅस पेटवायचा लायटर असतो ना, खटका दाबला की ठिणगी पडते? त्याच्या आत एक स्फटिक असतो. दाबला की वीज निर्माण होते. या फरशीखाली तसेच बारीक स्फटिक पसरलेत. पाऊल पडलं की दाब, दाब पडला की किंचित वीज. त्या विजेच्या चढउतारावरून तुमची चाल कळते. मी हे कशासाठी केलं? कारखान्यात माणूस थकला, झोपाळला, तर त्याची चाल आधी बदलते. तो यंत्रात हात घालण्याआधी त्याला घरी पाठवता यावं, एवढ्याचसाठी. त्यात ती उत्तम चालते. तीन कारखान्यांत बोटं वाचली आहेत लोकांची!”

त्यांचा चेहरा उजळला होता. मग त्यांनी चष्मा पुसला.

“हजारो माणसं चालवली. यंत्रानं आपणहून सारख्या चालींचे गट पाडले. मी त्यांना फुलांची नावं दिली. झेंडू म्हणजे दिवसभर उभं राहणारे, कण्हेर म्हणजे गुडघेदुखीवाले. एका गटाचा मात्र उलगडा होत नव्हता. दार आलं की हे लोक थबकतात. तरुण असोत, म्हातारे असोत, पाय धडधाकट असोत. त्याला मी नाव दिलं तेरडा. शोधनिबंधातही लिहिलं की हा गट समजलेला नाही.”

“इतकी वर्षं झाली तरी ती सवय जात कशी नाही?” प्रणितानं विचारलं.

“कारण ती तुम्ही ठरवून करतच नाही. सायकल चालवणं माणूस विसरत नाही, तसं हे. शरीराचं वजन कुठल्या पायावर कधी टाकायचं, हे मेंदूच्या मागचा छोटा भाग परस्पर ठरवतो. त्यानं तुरुंगात एक धडा गिरवला की दार आलं की वजन मागे ठेव. तो धडा पुसायला फार वर्षं लागतात.”

“पण यंत्राला तुरुंगाचं कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही!” समीना उठून उभ्या राहिल्या. “हेच तर आहे. यंत्राला तुरुंग हा शब्दही माहीत नाही. ‘मृगांक’सारख्या कंपन्यांनी माझी फरशी घेतली आणि तिला कर्मचाऱ्यांच्या जुन्या नोंदी जोडल्या, कोण टिकलं, कोणाला काढलं. कायदा आल्यावरही जुनी शिक्षा उघडकीला आली की काहीतरी निमित्त करून माणसाला काढूनच टाकायचे. यंत्रानं एवढंच पाहिलं की अशी पावलं टाकणाऱ्यांना पुढे काढलं जातं. म्हणजे ही माणसं जोखमीची. जुना अन्याय त्यानं पाठ केला आणि त्याला सुसंगती असं नाव मिळालं.”

बाहेर मुलं कसलासा यंत्रमानव पळवत ओरडत होती.

“मला यातून बाहेर काढता येईल?” लोखंडेबाईंनी विचारलं.

समीनांनी पडद्यावरच्या रेघा मोठ्या केल्या. “येईल की. हे बघा, तुम्ही थबकता तेव्हा तुमचं वजन वळतं, कारण तुम्ही मागे वळून बघता. यांचं वळत नाही. पहारेकरी एकीकडे आणि बंदिवान दुसरीकडे, असं स्वच्छ वेगळं करता येईल.”

“मग करा की!”

“केल्यावर,” प्रणिता हळूच म्हणाली, “त्या गटात उरेल कोण?”

समीनांचा हात पडद्यावर तसाच राहिला. ज्या शोधाचा आनंद गेला अर्धा तास त्यांच्या अंगात मावत नव्हता, त्याचं दुसरं टोक आत्ता त्यांना दिसलं होतं. त्या खुर्चीत बसल्या.

“फक्त तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आणि तेही बिनचूक.” मग म्हणाल्या, “रोजगार न्यायपीठापुढे मी स्वतः येईन, सगळं दाखवीन. पण तक्रार माझी असू शकत नाही. लोखंडेबाईंनी केली तर कंपनी म्हणेल, चूक झाली, सुधारतो. ज्याला यंत्रानं चुकीचं ओळखलं, त्याच्या तक्रारीनं यंत्र सुधारतं. कायदा मोडला हे ज्याला बरोबर ओळखलं त्यानंच सांगावं लागतं.”

म्हणजे न सांगण्याचा हक्क वाचवायचा, तर कुणीतरी सांगायला हवं. प्रणिताला ते लगेच कळलं. कळलं आणि तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

“हिचं नाव कुठंबी येणार नाही,” लोखंडेबाई ठणकावून म्हणाल्या. “तक्रार मी करते. माझं काय जातंय? हिचा संसार हाय. ही येईल साक्षीदार म्हणून. शेजारीण हाय, बी.एस्सी. झालीय, तिच्या लक्षात आलं, एवढंच.”

प्रणितानं होकारार्थी मान हलवली. सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचंच वाईटही वाटलं.

सासूला ती घरच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणे. आत्या म्हणजे मंगलबाई, कुठल्याही गोष्टीत सगळ्यांच्या आधी पोचणाऱ्या. लग्नात पंगत बसण्याआधी पानावर, एसटी थांबण्याआधी पायरीवर. सुनावणीचं कळताच त्यांनी घोषणा करून टाकली, “मीबी येणार. आमची सून मोठ्या कोर्टात साक्ष देणार अन् मी घरी भाजी निवडत बसू का?”

“आत्या, फार वेळ लागतो तिथं.”

“डबा घेते की! मेथीचे पराठे करते. त्या लोखंडेबाईलाबी देऊ. काय गं, तिला कैदी म्हणाले म्हणं? कुणाला कैदी म्हणायलेत, काही लाजबीज?”

सुदाम पोलादाच्या कारखान्यातून नुकताच आला होता. आई ओट्याकडे गेल्यावर तो प्रणिताला म्हणाला, “साक्षीदारच ना फक्त?”

“हो.”

“तेवढंच बोल. आईला मी सांगणारच आहे कधीतरी. सवडीनं.”

“लग्नाच्या दिवशीही तू हेच म्हणाला होतास.”

“तूही तेच म्हणाली होतीस,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. खरंच होतं ते. दिवाळी झाली की सांगू, आत्यांचा गुडघा बरा झाला की सांगू, नोकरी लागली की सांगू. सांगायचं ठरलेलं होतं आणि ते ठरलेलंच राहिलं होतं.

आतून आत्यांचा आवाज आला, “प्रणिता, पराठ्यात तीळ टाकू का? तुला आवडतात म्हणून विचारायले!”

न्यायपीठाच्या दालनात इतकी गर्दी झाली की शिपायाला बाकं वाढवावी लागली. मधोमध समीनांनी फरशीचा पट्टा अंथरला होता आणि त्याच्या टोकाला आपोआप सरकणारं दार उभं केलं होतं. समोरच्या भिंतीवर पडदा होता. पट्टा साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत जात होता, कारण वायर तिथपर्यंतच पुरत होती. न्यायपीठाच्या अध्यक्षा श्रीमती पाठारे पुढे सरसावून बसल्या होत्या. कागद सोडून प्रत्यक्ष यंत्र बघायला मिळणार म्हणून त्यांनाही उत्सुकता लागलेली दिसत होती.

“कुणीही चाला,” समीना म्हणाल्या. “वकील, कारकून, कुणीही.”

आधी एक कारकून चालला. हिरवी रेघ. मग ‘मृगांक’चे वकील बारटक्के कोट सावरत चालले. हिरवी रेघ, आणि खाली अक्षरं उमटली, ‘उजव्या गुडघ्याची तपासणी करावी’. दालनात हशा पिकला. बारटक्के स्वतःही हसले आणि गुडघा चोळत खाली बसले.

“मी जाऊ का?” आत्या उभ्याच राहिल्या आणि कुणी हो म्हणण्याआधी निघाल्याही. दार सरकायला लागलं होतं इतक्यात त्या त्याच्यावर जाऊन आदळल्या. पडद्यावर रेघ उसळली.

“लागलं का हो?” अध्यक्षांनी विचारलं.

“दारालाच लागलं असंल,” कपाळ चोळत आत्या म्हणाल्या. आता तर शिपाईही हसत होता. प्रणिता हसली. या बाईनं आयुष्यात एकाही दारापुढे वाट पाहिली नव्हती.

मग लोखंडेबाई चालल्या. दाराशी थबकल्या, मान मागे वळली. पडद्यावर लाल रेघ. ‘जोखीम. निवड करू नये.’

“बघा!” बाई गरजल्या. “आयुष्यभर कायद्याची चाकरी केली, अन् मी जोखीम!”

समीनांनी सगळं समजावून सांगितलं, लायटरपासून तेरड्यापर्यंत. लोक श्वास रोखून ऐकत होते. बोलून झाल्यावर बारटक्के उठले. हुशार माणूस होता, आवाजही गोड.

“अध्यक्षा महोदया, चूक झाली हे आम्ही मोकळेपणानं मान्य करतो. श्रीमती लोखंडे यांची आम्ही माफी मागतो आणि त्यांना आजच नेमणूक देतो. डॉक्टर तांबोळींनी सांगितल्याप्रमाणे आमच्या तंत्रज्ञांनी सुधारणाही केली आहे. बाई, कृपा करून पुन्हा एकदा चालाल?”

नवी आज्ञावली चढवली गेली. लोखंडेबाई चालल्या, थबकल्या, वळल्या. हिरवी रेघ. ‘पहारा-सेवेचा अनुभव. योग्य.’

दालनात टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या आत्या वाजवत होत्या.

“थांबा,” अध्यक्षा म्हणाल्या. “आणि उरलेल्यांचं काय? कायदा म्हणतो, विचारायचं नाही.”

“आम्ही विचारलंच नाही, महोदया. विचारणं म्हणजे प्रश्न करणं. फरशी प्रश्न करत नाही. माणूस चालतो, ती ऐकते. आणि यंत्रानं ज्यांना बरोबर ओळखलं, त्यांच्यापैकी कुणाचीच तक्रार नाही.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “तुमचं हे म्हणणं मला तपासून बघायला फार आवडलं असतं, बारटक्के. पण त्यासाठी ज्याचा हक्क गेला असा माणूस माझ्यासमोर असायला हवा. तसा कुणी नाही. श्रीमती लोखंडे, आपलं समाधान झालं?”

लोखंडेबाई प्रणिताकडे पाहत नव्हत्या. निर्धारानं समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. समीना खाली मान घालून पुसलेलाच चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होत्या. नाईकवाडे सर मागच्या बाकावर बसले होते. कंपनीनं त्यांनाही बोलावलं असावं. प्रणिताची त्यांच्याशी नजरानजर झाली तसे त्यांनी हळूच बोट वर केलं, मग तळहात उघडून बोटं वर उमलल्यासारखी केली. तिला लगेच उमगलं. तो वादातला कोंब. तो जगला होता.

“मग तक्रार निकाली काढते,” अध्यक्षांनी पेन उचललं.

“मला बोलायचंय,” प्रणिता म्हणाली.

“आपण साक्षीदार ना? या, पिंजऱ्यात या.”

ती पट्ट्यावरून चालत निघाली. सरकतं दार उघडू लागलं आणि ती थबकली. वजन मागच्या पायावर राहिलं, टाच जमिनीवर. पडद्यावर लाल रेघ उमटली. ‘जोखीम. निवड करू नये.’ दालनातल्या सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. प्रणितानं ती रेघ पाहिली. इतकी वर्षं ती जे दडवत आली होती, ते भिंतीवर हातभर उंचीचं दिसत होतं, आणि ती पुढे चालू लागली.

पुढे पिंजऱ्याचं लाकडी फाटक होतं, कमरेएवढं. शिपाई ते उघडायला पुढे झाला. “राहू द्या,” ती म्हणाली आणि स्वतःच्या हातानं ते ढकलून आत गेली.

समोरच आत्या बसल्या होत्या, मांडीवर डब्याची पिशवी, कपाळावर टेंगूळ, आणि चेहऱ्यावर अजून टाळ्या वाजवतानाचं हसू. त्या आता पडद्याकडे आणि सुनेकडे आळीपाळीनं बघत होत्या.

“आत्या,” प्रणिता म्हणाली, “हे तुम्हाला घरी सांगायचं होतं. आधी सांगायचं होतं.”

मग तिनं अध्यक्षांकडे तोंड केलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

“माझ्या बाबतीत यंत्र चुकलं नाही. मी चार वर्षं तुरुंगात होते. माझ्या हातून एका बाईचा डोळा गेला, त्याची शिक्षा मी पूर्ण भोगली. त्यानंतर मला कुणी काही विचारू नये, हा हक्क मला कायद्यानं दिला, आणि या फरशीनं तो तीनदा काढून घेतला. तक्रार माझी आहे. मी प्रणिता सुदाम साबळे. माझं नाव लिहून घ्या.”